एफ-१६ आणि मिग-२९ शेजारी शेजारी: मॉडेल बांधता बांधता विमान वाचायचं कसं

प्रश्न असा आहे: चार-पाच सोपी किट्स जोडून झाली आहेत, आता अमेरिकेचं एफ-१६ आणि सोव्हिएत मिग-२९ ही दोन लढाऊ विमानं एकाच स्केलमध्ये बांधून शेजारी ठेवायची आहेत. स्केल कोणतं घ्यावं, काम कुठे अडेल, आणि दोघांपैकी कोणाची रचना सरस हे मॉडेलवरून कळेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सरस कोण, हे मॉडेल सांगणार नाही. पण कोणत्या डिझायनरकडे काय मागितलं होतं आणि ते देण्यासाठी त्याला कशावर पाणी सोडावं लागलं, हे मॉडेल फार स्पष्ट सांगतं. इतकी वर्षं जेट बांधताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली: किट जिथे छळतं, तिथे बहुतेक वेळा खऱ्या विमानाच्या डिझायनरचाही कस लागलेला असतो. हवा आत घेणारं इनटेक, पंख आणि धड यांचा सांधा, चाकं दुमडून ठेवायची जागा, कॅनोपी म्हणजे वैमानिकावरची काच. या चार ठिकाणी हात अडखळला की थांबा आणि विचारा, इथे असं का केलं असेल?

आता स्केल. माझं मत १/७२. या स्केलचं गणित इंच-फुटांचं आहे. सहा फुटांचा माणूस म्हणजे एक इंच. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने पेंग्विन नावाची प्लॅस्टिक किट्स याच स्केलमध्ये काढली, आणि तेव्हापासून जेवढी लढाऊ विमानं १/७२ मध्ये आली तेवढी दुसऱ्या कुठल्या स्केलमध्ये सापडणं कठीण. तुलनेसाठी हेच महत्त्वाचं. एफ-१६ इथे सुमारे २१ सेंटिमीटर लांब होतं, मिग-२९ सुमारे २४. उद्या सुखोई-२७ बांधावंसं वाटलं तर ते ३० सेंटिमीटर. दहा विमानं एका फळीवर मावतात. १/४८ मध्ये हेच आकडे ३१, ३६ आणि ४५ च्या पुढे जातात. १/४८ मध्ये कॉकपिट रंगवण्याचं सुख मोठं आहे, ते मी नाकारत नाही. पण तुम्हाला रचना पाहायच्या आहेत, आणि रचना पाहायला एका नजरेत चार विमानं मावावी लागतात.

लहान स्केलची एक मर्यादा मात्र सुरुवातीपासून डोक्यात ठेवा. मॉडेलवर ०.३ मिलिमीटर रुंदीची पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याची रेघ, दिसली, तर १/७२ मध्ये तिचा अर्थ खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटरहून रुंद खाच. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या विमानात ती साडेतीन सेंटिमीटरची झाली. पंखाच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांच्या आतल्या बाजू चिकटवण्याआधीच सँडपेपरवर घासून मागची कड बारीक करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि मॉडेलचं सगळं रूप पालटतं. जाड कडेचा पंख खेळण्याचा दिसतो, मग रंग कितीही चांगला बसो.

एफ-१६ आणि मिग-२९ वर येण्याआधी तुम्हाला वीस वर्षं मागे नेतो. तुलना कशी करावी हे मी ज्या तीन विमानांकडून शिकलो ती १९५० च्या दशकातली आहेत: अमेरिकेचं एफ-१०४ स्टारफायटर, सोव्हिएत मिग-२१ आणि फ्रान्सचं मिराज-३. प्रश्न तिघांनाही जवळजवळ एकच होता. हलकं, एका इंजिनाचं, आवाजाच्या दुप्पट वेग गाठणारं विमान द्या. एफ-१०४ चं पहिलं उड्डाण १९५४ चं, डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंखांच्या मिगच्या पहिल्या नमुन्याचं १९५५ चं आणि मिराज-३ चं १९५६ चं. तीन वर्षांत तीन देशांनी तीन उत्तरं दिली, आणि ती एकमेकांसारखी अजिबात नाहीत.

एफ-१०४ च्या डिझायनरने, केली जॉन्सनने, पंख जवळजवळ पुसूनच टाकला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६.६ मीटरच्या आसपास, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम ९ सेंटिमीटर. धड मात्र २३ सेंटिमीटर. पंखाची जाडी त्याच्या रुंदीच्या फक्त ३.३६ टक्के. पुढची कड अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. जमिनीवर कर्मचाऱ्यांना कापू नये म्हणून तिच्यावर संरक्षक पट्ट्या चढवत. एवढ्या पातळ पंखात इंधन ठेवायला जागा नाही, चाकं ठेवायलाही नाही. ती दोन्ही धडात गेली, म्हणून धड असं लांब नळकांड्यासारखं. उतरताना एवढा पंख पुरत नाही, म्हणून इंजिनातली दाबाची हवा फ्लॅपवरून (पंखाच्या मागच्या कडेचा, उतरताना खाली वळणारा भाग) फुंकावी लागली. आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या टोकावर बसवली. त्यामुळे रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा वळणारा भाग, वळवला की विमान कुशीवरही कलायला लागे, आणि तो परिणाम तोलण्यासाठी पंख १० अंश खाली झुकवले. किट बांधताना हा झुकाव दोन्ही बाजूंना सारखा ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम असतं. चिकटवताना कार्डबोर्डचा साचा कापून पंखांखाली ठेवा आणि गोंद पूर्ण सुकेपर्यंत हलवू नका.

मिराजचं उत्तर उलट दिशेचं. मोठा त्रिकोणी पंख, ६० अंश मागे वळलेला, क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस मीटर. एफ-१०४ च्या जवळजवळ दुप्पट. मुळाशी पंख इतका खोल की रुंदीच्या मानाने पातळ ठेवूनही आत इंधन आणि चाकं मावतात. आणि आडवी शेपटी नाहीच. वजन वाचलं, हवेचा विरोध वाचला, बांधणी सोपी झाली. पण उतरताना नाक वर ठेवायचं तर पंखाच्या मागच्या कडेवरचे एलेव्हॉन (शेपटीचं काम करणारे हलते भाग) वर करावे लागतात, आणि ते वर केले की मागचा भाग खाली दाबला जातो. ज्या क्षणी पंखाकडून जास्तीत जास्त उचल हवी, त्याच क्षणी पंख थोडी उचल गमावतो. म्हणून उतरण्याचा वेग जास्त आणि धावपट्टी लांब लागते. मॉडेल हातात घेऊन पंखाच्या मागच्या कडेवर फ्लॅप शोधा. सापडणार नाहीत, कारण फ्लॅप खाली केले तर नाक खाली ढकललं जाईल आणि ते सावरायला मागे शेपटी नाही.

आणि मग मिग-२१. त्रिकोणी पंखच, ५७ अंशांचा, पण मागे आडवी शेपटी शिल्लक. त्यामुळे पंखावर फ्लॅप आले. पंख लहान, सुमारे २३ चौरस मीटर, दोघांच्या मधला. हवा नाकातून आत येते आणि त्या तोंडात एक शंकू आहे, जो वेगाप्रमाणे पुढे-मागे सरकतो. रडार त्या शंकूत बसवायचं. इथेच किंमत मोजावी लागली, कारण रडारचा ताटवा शंकूपेक्षा मोठा होऊ शकत नाही. सुरुवातीच्या एफ-१३ प्रकारात नाक बारीक आहे. पुढे रडार मोठं केलं तेव्हा शंकू वाढला, शंकू वाढला म्हणून तोंड वाढलं. एफ-१३ आणि नंतरचा बिस हा प्रकार शेजारी ठेवा, रडारची सगळी गोष्ट नाकाच्या घेरात दिसते. या शंकूबद्दल एक सूचना: विमान जमिनीवर उभं असताना शंकू मागे गेलेला असतो. बरेच जण तो पूर्ण बाहेर काढून चिकटवतात, आणि चाकांवर उभ्या विमानाचं नाक आवाजाच्या दुप्पट वेगात असल्यासारखं दिसतं.

ही तीन विमानं फळीवर ओळीने ठेवली की 'सरस कोण' हा प्रश्न आपोआप मागे पडतो. लांब, पक्की धावपट्टी हाताशी असेल तर एक उत्तर बरोबर वाटतं, साध्या तळावर थोड्या देखभालीत शेकडोंनी विमानं उडवायची असतील तर दुसरं. मिग-२१ आणि त्याच्या प्रती दहा हजारांहून जास्त बनल्या, त्याचं कारण त्या मधल्या, समजूतदार पंखात आहे असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या जोडीकडे येतो. एफ-१६ चा नमुना १९७४ मध्ये उडाला, मिग-२९ चा १९७७ मध्ये. दोन्हींच्या पंखांच्या मुळाशी पुढे निघालेली धारदार पाती आहेत. विमानाचं नाक जास्त वर गेलं की या पात्यांवरून हवेचे भोवरे सुटतात, ते पंखाच्या पाठीवरून जातात आणि पंखाला आणखी काही अंश धरून ठेवतात. दोन्हींत धड आणि पंख असे वेगळे राहत नाहीत, एकमेकांत मिसळतात. त्यामुळे वरून पाहिलं तर दोघं दूरचे नातेवाईक वाटतात. आता उलटी करून पोट पाहा, आणि दोन वेगळ्या विचारांचे लोक समोर उभे राहतात.

एफ-१६ च्या लोकांना हलकं आणि कमी खर्चाचं विमान हवं होतं. एक इंजिन, पोटाखाली एकच तोंड, आणि त्या तोंडात हलणारा एकही भाग नाही. नाक वर गेलं तरी वरचं धड हवेला सरळ करून आत सोडतं, म्हणून तोंड खाली. पण तोंड खाली आणलं की पुढच्या चाकाने उडवलेले खडे आत जाणार. म्हणून पुढचं चाक तोंडाच्या ओठाच्या मागे नेलं. तिथे वर इंजिनाकडे जाणारा हवेचा बोगदा आहे, उभं चाक मावत नाही. तर चाक मागे दुमडताना नव्वद अंशांत फिरून आडवं झोपतं. बोगद्याचे दोन अर्धे भाग जोडून तो धडात बसवताना तुम्हाला नेमकी हीच दाटी बोटांना जाणवेल.

मिगच्या लोकांना दोन इंजिनं हवी होती, खराब किंवा बॉम्बहल्ल्यात फुटलेल्या धावपट्टीवरून उडणं हवं होतं, आणि उंचावर जास्त वेग हवा होता. वेगासाठी इनटेकमध्ये हलणारे उतार आले. खड्यांसाठी तोंड पूर्ण बंद करणारी दारं आली. जमिनीवर इंजिन चालू असताना ती दारं बंद असतात आणि हवा पात्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या झडपांमधून आत येते. उड्डाणाच्या धावेत ताशी २०० किलोमीटरच्या आसपास दारं उघडतात. पुढच्या चाकामागे चिखल अडवणारा पंखासारखा गार्डही आहे, तो रंगवायला विसरू नका. पण हे सगळं यंत्र, त्याचे दांडे, वरच्या झडपांची जागा कुठून आली? जिथे इंधन ठेवता आलं असतं तिथून. मिग-२९ रिकामं असतानाच एफ-१६ पेक्षा सुमारे अडीच टन जड आहे, इंजिनं दोन आहेत, आणि पोटातलं इंधन मात्र जवळजवळ तेवढंच. दोन इंजिनांच्या मधल्या खोबणीत टांगलेली टाकी तुमच्या किटमध्ये असेल. ती का लागली ते आता कळेल. पुढच्या मिग-२९के सारख्या प्रकारांत वरच्या झडपा काढून टाकल्या, तोंडात जाळ्या बसवल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत इंधन भरलं. डिझायनरने स्वतःचंच उत्तर तपासून बदललं, याहून चांगला धडा मला माहीत नाही.

किट घेताना प्रकार नीट पाहा. एफ-१६ मध्ये ब्लॉक १५ पासून (ब्लॉक म्हणजे उत्पादनाचा टप्पा) आडवी शेपटी मोठी झाली. ब्लॉक ३० पासून जनरल इलेक्ट्रिकचं इंजिन असलेल्या विमानांना पुढे रुंद तोंड मिळालं, प्रॅट अँड व्हिटनीवाल्यांचं अरुंदच राहिलं. नोझल, म्हणजे इंजिनाचं मागचं तोंड, तर दोन्हींचं वेगळंच. एकाच डब्यात दोन्ही प्रकारचे भाग येतात आणि सूचनापत्रक कधी कधी गोंधळ करतं. मिग-२९ च्या अगदी सुरुवातीच्या विमानांना पोटाखाली दोन छोटे पंख होते, ते पुढे काढले. म्हणून 'एफ-१६' असं मोघम मॉडेल बांधू नका. एक ठरावीक विमान निवडा, त्याचा शेपटीवरचा क्रमांक आणि साधारण वर्ष ठरवा, आणि त्याच विमानाचे फोटो समोर ठेवा. वादाचे निम्मे मुद्दे तिथेच संपतात.

इथे एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या एफ-४ फँटमच्या किटमध्ये पंखांची टोकं वर वाकलेली होती आणि आडवी शेपटी खाली. प्लॅस्टिक तापून वाकडं झालं असं समजून मी पंखांची टोकं गरम पाण्यात धरून सरळ केली. मॉडेल पूर्ण झाल्यावर फोटो नीट पाहिले तेव्हा चूक कळली. खऱ्या विमानाच्या चाचण्यांत असं दिसलं होतं की स्थैर्यासाठी सगळ्या पंखाला थोडा वरचा कोन हवा. पण मधला टायटॅनियमचा सांगाडा पुन्हा आखणं फार महाग पडलं असतं. म्हणून फक्त बाहेरचे, विमानवाहू जहाजावर दुमडले जाणारे भाग १२ अंश वर केले, आणि सरासरी हवी तेवढी आली. शेपटी तर २३ अंश खाली आहे. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या विमानाची चेहरेपट्टी अशी एका तडजोडीतून आली, आणि मी तीच पुसून टाकली होती. तेव्हापासून विचित्र दिसणारी कुठलीही गोष्ट 'सुधारण्या'आधी मी दोन दिवस थांबतो. तुम्हीही थांबा.

आता प्रत्यक्ष काम. सगळे भाग गोंदाशिवाय एकदा जुळवून पाहा, विशेषतः पंख आणि धड. सूचनापत्रकाचा क्रम पवित्र मानू नका. मी जेटच्या बाबतीत आधी इनटेक बोगदा पूर्ण करतो, आतून रंगवूनच. एफ-१६ चा बोगदा आतून पांढरा असतो आणि त्यातली जोडरेषा पुढून सरळ दिसते. आत सँडपेपर पोचत नाही. उपाय असा: अर्ध्या भागांचा सांधा पातळ गोंदाने पक्का करा, फटीत पुट्टी भरा, कापसाच्या काडीला सॉल्व्हंट लावून जास्तीची पुट्टी पुसा. मग मागचं तोंड टेपने बंद करून पातळ केलेला पांढरा रंग आत ओता, बोगदा हळूहळू फिरवा, उरलेला रंग ओतून टाका आणि उलटा सुकत ठेवा. दोन-तीन वेळा केलं की रेषा बुजते. मिग-२९ मध्ये तुम्ही दारं बंद दाखवलीत तर हे सगळं काम टळतं, आणि जमिनीवर इंजिन चालू असलेल्या विमानासाठी ते खरंही असतं.

मिग बांधताना खरी कसोटी वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांच्या जोडावर आहे, कारण धड आणि पंख एकच सलग पृष्ठभाग आहे. पात्याच्या धारेवर पायरी राहिली तर ती घासताना धार गोल होते, आणि जिच्यातून भोवरे सुटायचे ती धारच जाते. पायरी असलेल्या बाजूला आतून पातळ प्लॅस्टिकची पट्टी लावून भाग समपातळीत आणा, वरून घासून नव्हे. इंजिनांचे डबे पोटाखाली वेगळे येतात. ते मध्यरेषेला समांतर आहेत का हे मागून, एका डोळ्याने, लांबून पाहा.

एफ-१६ ची कसोटी वेगळी, ती आहे कॅनोपी. वैमानिकाला चहूकडे दिसावं म्हणून काच एकाच तुकड्याची, समोर आडवी येणारी चौकट नाही, आसन ३० अंश मागे रेललेलं. काच पायथ्यापेक्षा वर जास्त फुगीर आहे. असा फुगीर आकार साध्या दोन भागांच्या साच्यातून सुटत नाही, साच्याला तिसरा सरकता भाग लागतो, आणि म्हणून चांगल्या किटच्या काचेवर मधोमध एक बारीक रेषा येते. ती दोष नाही, आकार बरोबर असल्याची खूण आहे. ज्या जुन्या किटच्या काचेवर ती नाही, तिची काच बहुतेक सपाट कडांची आणि चुकीची असते. रेषा धारदार ब्लेडच्या कडेने खरवडा, मग २००० नंबरपासून सुरू करून बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने ओलं घासा, शेवटी पॉलिशिंग कंपाउंड, आणि नंतर पारदर्शक चकचकीत ॲक्रिलिकमध्ये बुडवून धूळ बसणार नाही अशा डब्याखाली ठेवा. घासताना काच दुधी होते तेव्हा सगळ्यांचा धीर सुटतो. सोडू नका, ती परत येते.

मिगची काच बांधायला कितीतरी सोपी आहे, समोर वेगळी काच आणि तिची चौकट. सोपी का, तर डिझायनरने वैमानिकाच्या नजरेला तेवढं झुकतं माप दिलं नाही. दुसरीकडे त्या काचेपुढे उजवीकडे एक छोटा काचेचा गोळा आहे. तो शत्रूच्या इंजिनाची उष्णता शोधतो. गोळा शेवटी, रंगकाम झाल्यावर बसवा.

नाकात वजन घालायचं विसरू नका. मुख्य चाकांच्या पुढे जितकं लांब ठेवाल तितकं कमी वजन पुरतं, म्हणून शक्यतो अगदी टोकात, इपॉक्सीने पक्कं करून. धड बंद करण्यापूर्वी भाग टेपने जोडून मुख्य चाकांच्या जागी बोटांवर तोलून पाहा. एफ-१६ चे मुख्य पाय धडातून तिरपे बाहेर येतात, त्यामुळे ते सारखे बसवणं किचकट आहे. मी दोन्ही पाय एकाच बैठकीत, सावकाश सुकणाऱ्या गोंदाने लावतो आणि समोरून पंखांची टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत का ते पट्टीने मोजतो.

रंगाबद्दल थोडक्यातच. प्रायमर मारल्याशिवाय सांधा बुजला असं मानू नका. एफ-१६ ची नेहमीची तीन करड्या छटांची रंगसंगती एफएस (अमेरिकी सरकारी रंगमानक) ३६११८, ३६२७० आणि ३६३७५ या क्रमांकांची. लहान मॉडेलवर रंग खऱ्यापेक्षा गडद भासतो, म्हणून थोडा पांढरा मिसळून एक छटा उजळ ठेवा. डिकल, म्हणजे चिन्हांची चिकटचित्रं, लावण्याआधी चकचकीत वॉर्निश हवंच, नाहीतर खडबडीत रंगाखाली हवा अडकते आणि डिकल रुपेरी दिसतं. पॅनेल लाइनमध्ये काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, भरण्याची पद्धत फार बोकाळली आहे. करड्या जेटवर गडद करडा पुरतो. रंग फवारताना आणि रेझिन घासताना मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.

दोन्ही तयार झाली की तुलना. काही सापळे आहेत. एक चाकांवर आणि दुसरं उडत्या अवस्थेत ठेवलं तर आकारांचा अंदाज फसतो. एकावर सहा मिसाईल आणि तीन टाक्या, दुसरं रिकामं, असं ठेवलं तर भरलेलं विमान उगाच बलाढ्य दिसतं. दोन्हींवर एकाच कामाचा भार टांगा. पंखांचं क्षेत्रफळ पुस्तकात एफ-१६ साठी सुमारे २८ आणि मिग-२९ साठी ३८ चौरस मीटर दिलेलं असतं. त्यात धडातून जाणारा काल्पनिक भाग धरलेला असतो. म्हणून चिकटवण्याआधी पंख आलेखकागदावर ठेवून पेन्सिलने गिरवलात तर आकडा कमी येईल, गोंधळू नका. आणि वजन भागिले क्षेत्रफळ करून वळण्याची क्षमता ठरवू नका, कारण या दोन्ही विमानांत धडही उचल देतं, मिगमध्ये तर दोन इंजिनांमधलं रुंद सपाट पोटही.

काही गोष्टी मॉडेलमध्ये दिसतच नाहीत, आणि त्या निर्णायक असू शकतात. एफ-१६ मुद्दाम थोडं अस्थिर बनवलं आहे आणि वैमानिकाच्या आज्ञा तारांमधून संगणकामार्फत जातात, हे बाहेरून कळत नाही. कॉकपिटमध्ये उजव्या हाताशी असलेली छोटी काठी तेवढी सांगते. सुरुवातीच्या मिग-२९ मध्ये अशी प्रणाली नव्हती. पण त्याच्या वैमानिकाच्या शिरस्त्राणावर नेम धरण्याचं उपकरण होतं आणि पंखाखाली आर-७३ मिसाईल. नाक शत्रूकडे न वळवता, नुसतं मान वळवून नेम धरता यायचा. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडची मिग-२९ पश्चिमेच्या विमानांशी सरावात भिडली तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तोफाही पाहा, दोन्हींच्या डाव्या बाजूला: एफ-१६ ची सहा नळ्यांची २० मिलिमीटरची, पाचशेच्या वर गोळ्या, मिगची एका नळीची ३० मिलिमीटरची, सुरुवातीला १५० गोळ्या. एकाने गोळ्यांचा पाऊस निवडला, दुसऱ्याने थोडेच पण जड घाव.

या जोडीनंतर पुढची हवी असेल तर फ्रान्सचं राफाल आणि युरोपीय देशांचं टायफून घ्या. दोन्ही दोन इंजिनांची, दोन्ही त्रिकोणी पंखांची, पुढे छोटे कॅनार्ड पंख, पंखांची लांबी दोघांची ११ मीटरच्या आत. कॅनार्डच्या मागच्या कडेपासून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही मॉडेलवर पट्टीने मोजा. राफालचा कॅनार्ड पंखाला जवळजवळ चिकटून, वरच्या बाजूला आहे, म्हणजे त्याचे भोवरे थेट पंखावर जातात आणि विमानवाहू जहाजावर हळू उतरता येतं. टायफूनला जहाजावर उतरायचं नव्हतं. त्याचा कॅनार्ड पार पुढे, जवळजवळ वैमानिकाच्या पायांशी आहे, लांब तरफेसारखा. फक्त कॅनार्ड चिकटवण्याआधी उभ्या विमानाचे फोटो पाहून त्यांचा कोन ठरवा, कारण किटमधली खुंटी बहुतेक वेळा ते सरळ रेषेतच बसवते.